पालकाचे वय नऊ

सत्तावीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवतो आहे. ही फुशारकी नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात नव्या नळजोडणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं. कुणी सातवा रकाना रिकामा ठेवतं, कुणी हिरव्या शाईने लिहितं, एका गृहस्थाने तर जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख टाकली होती आणि विचारल्यावर म्हणाले, "मला तीच पाठ आहे." मी चुकीवर लाल पेन्सिलीने गोल करतो आणि अर्ज आल्या वाटेने घालवतो. तेव्हा कराटेच्या फॉर्मवर जे झालं ते माझ्या हातून झालं, हे आमच्या कार्यालयात अजून कुणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

सुरुवात शाळेच्या चिठ्ठीने झाली. माझी मुलगी चौथीत आहे. दाखल्यावर तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ती बोलत नाही, पुटपुटते, म्हणून घरात तिची पुटू झाली. चिठ्ठीत लिहिलं होतं की आपली मुलगी या वर्षी एकतीस दिवस गैरहजर आहे आणि हा आकडा पन्नासावर गेला की नियमानुसार तिला पुन्हा चौथीतच बसवावं लागेल. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. कारण रोज सकाळी तिला शाळेच्या फाटकात मी स्वतः सोडतो. मग एकतीस दिवस ही जात कुठे होती?

कुठे जाणार, वर्गातच होती. तिच्या वर्गशिक्षिकांनी मला नीट समजावलं. वर्ग रस्त्याच्या बाजूला, खिडकीखाली बसथांबा, आणि पटावर चव्वेचाळीस मुलं. बाई खाली मान घालून आकडे वाचतात, मुलं 'हजर' म्हणतात. पुटूही म्हणते. बस नेमकी त्याच वेळी निघाली की ते बाईंपर्यंत पोचत नाही.

"पण बाई, ती समोर बसलेली दिसते ना तुम्हाला?"

"दिसते की. पण हजेरीपटात 'दिसली' असा रकाना नाही."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मी नियमाचा माणूस, मला ते पटलं, आणि पटलं याचाच जास्त राग आला. निघताना बाई म्हणाल्या, "तिला कराटेला घाला. मुलं धीट होतात, सरळ उभी राहतात, घसा मोकळा होतो. आमच्या भाचीला फार फायदा झाला."

घरी ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूमापक त्याच संध्याकाळी खाली उतरले. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीची हद्द आखून दिल्याशिवाय चैन पडत नाही. ते म्हणाले, "कराटेने मुलं भांडखोर होतात. माझ्या मेहुण्याच्या साडूचा मुलगा तीन महिने गेला आणि घरातल्या दाराला भोक पाडून बसला." मग ते दार किती जाडीचं होतं हे त्यांनी दोन बोटांत दाखवलं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं मत उलट होतं. "घाला हो. गणवेश मी शिवते. वाढत्या अंगाचा शिवते, तीन वर्षं बघायला नको." आमच्या हिने दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "फॉर्म उद्या आणा." ही औषधांच्या दुकानात काउंटरला असते. कानाने कमी असलेल्या म्हाताऱ्यांना गोळ्या समजावून सांगता सांगता हिचा आवाज खणखणीत झाला आहे. तेव्हा मुलीचा आवाज कुणाच्या वळणावर गेला असेल, याचा मी त्या वेळी तरी विचार केला नव्हता.

क्रीडा केंद्रात फॉर्म भरायला मी उभ्या उभ्या सात मिनिटं घेतली. सफाईदार अक्षर, काळी शाई, एक रकाना रिकामा नाही. खिडकीतल्या कारकुनाने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला आणि काही न बोलता शिक्का मारला. मला वाटलं, त्याला माझं काम आवडलं.

आठवड्याने ओळखपत्रं आली. एकावर माझं नाव, त्याखाली 'प्रशिक्षणार्थी, बालवर्ग'. दुसऱ्यावर पुटूचं नाव आणि त्याखाली 'पालक'.

झालं होतं ते असं. सत्तावीस वर्षं हजेरीचा, रजेचा, प्रवासाचा, कुठलाही कागद समोर आला की माझा हात पहिल्या रकान्यात माझंच नाव लिहितो. त्या दिवशीही त्याने तेच केलं. मग उरलेल्या नावाच्या रकान्यात उरलेलं नाव गेलं. ताटात पालकाची भाजी आली की तोंड फिरवणारी मुलगी स्वतःच पालक होऊन बसली. आमच्या हिने दोन्ही ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि आत जाऊन पाच मिनिटं हसून आली.

मी ओळखपत्रं घेऊन खिडकीवर गेलो. खिडकीला जाड काच आणि काचेला वाटीएवढं भोक. मी म्हणालो, "एक लहानशी दुरुस्ती आहे."

"करू की," कारकून म्हणाला. "नियम चौदा. दुरुस्ती पालकाने समक्ष येऊन, स्वतःच्या तोंडाने सांगायची. प्रशिक्षणार्थ्याचं म्हणणं चालत नाही. लहान मुलं काहीही सांगतात."

"मग हा फॉर्म रद्द करा, मी नवा भरतो."

"रद्द होईल. पण बालवर्ग भरलाय, ऐंशी जण रांगेत आहेत. आणि एक लक्षात ठेवा, तीन वर्ग चुकवले किंवा पट्ट्याच्या परीक्षेला गैरहजर राहिलात तर जागा गेली." मग तो जरा पुढे झुकला. "आपण नळाच्या टेबलावरचे ना? माझा अर्ज तीनदा परत आलाय. रकाना अकरा."

मी त्याला ओळखलं नाही. मी अर्ज ओळखतो, माणसं नाही. पण अकरावा रकाना मला चांगला ठाऊक आहे. तो लोकांना कधीच कळत नाही आणि मी तो कधी समजावून सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुटूला घेऊन गेलो. ती टाचा उंचावून भोकापाशी उभी राहिली. कारकुनाने हात जोडून विचारलं, "बोला, पालक." पुटूचे ओठ हलले. "ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं: पालक समक्ष आले. निवेदन ऐकू आले नाही. असं आम्ही तीनदा केलं, तीनदा तेच वाक्य तिथे चढलं. जागा टिकवायची तर एकच उपाय उरला. नाव लागलं होतं त्याने वर्गाला जायचं.

काकूंनी माझं माप घेतलं. पोटावरून टेप फिरवून त्यांनी आणखी दीड मीटर कापड मागितलं, हे मला लागलं. भूमापकांनी जिन्यात गाठून सांगितलं, "या वयात पाय कमरेच्या वर नेऊ नका. हद्द ओळखून राहा."

वर्गात सात ते दहा वयाची एकवीस मुलं होती आणि शेवटी मी. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि दिवसा नगर वाचनालयात ग्रंथपाल. सकाळी दहा ते पाच लोकांना "हळू बोला" सांगायचं आणि साडेपाचला मुलांना "ओरडा" सांगायचं, असा त्यांचा दिनक्रम. मी त्यांना सगळा घोळ सांगितला आणि विनवलं की नाव माझं राहू दे, पण चटईवर मुलीला घ्या. त्या म्हणाल्या, "विम्याचा नियम आहे. ज्याचं नाव तोच चटईवर. पण तुम्ही या. तुम्हालाही गरज दिसते." कशाची, ते विचारायचं धाडस माझं झालं नाही.

माझी जोडी पुढचे दोन दात पडलेल्या सात वर्षांच्या मुलीशी लावली. तिने पहिल्याच दिवशी माझ्या नडगीवर लाथ हाणली आणि मग आपुलकीने विचारलं, "काका, लागलं का?" मी नाही म्हणालो. तिने ते खरं मानलं आणि पुन्हा हाणली. पण ठोसे आणि लाथा यांचं मला विशेष दुःख नाही, ते हाडापर्यंत जातं आणि थांबतं. खरी फजिती आरोळीची झाली. ठोसा मारताना पोटातून आरोळी द्यायची असते. बाई एकेकापुढे थांबत होत्या. एकवीस मुलांनी छप्पर हलवलं. माझ्यापाशी आल्या, मी ठोसा मारला आणि माझ्या घशातून जे काही निघालं ते ऐकून शेजारच्या मुलाने नुसतं वळून पाहिलं.

"हा खोकला झाला," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हाही खोकलाच झाला. मी आठवू लागलो की आपण शेवटचं मोठ्याने कधी बोललो. साहेबांपुढे नाही, बसमध्ये नाही, घरात प्रश्नच नाही. सत्तावीस वर्षं मी जे काही म्हणालो ते लाल पेन्सिलीने म्हणालो. बाकावर पालकांच्या रांगेत बसलेल्या पुटूकडे मी पाहिलं. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर माझी पाण्याची बाटली. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मला कळलं, हिला हे आधीपासून माहीत होतं.

पालकांसाठी एक वही असे. प्रशिक्षणार्थ्याने घरी काय सराव केला ते त्यात लिहून सही करायची. इतर आया 'छान केला' लिहून मोकळ्या होत. पुटूने पहिल्या आठवड्यात लिहिलं: 'सोमवार. सराव नाही. वर्तमानपत्र वाचले. मंगळवार. सराव नाही. पाय दुखतो म्हणाले. दुखत नव्हता.' बाईंनी हे सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं आणि दात पडलेल्या मुलीने माझ्याकडे पाहून मान हलवली.

त्या दिवसापासून घरी सराव सुरू झाला. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या जागेत मी उभा राही आणि पुटू स्टुलावर. ती पुटपुटे, "कोपर." आत मिक्सर चालू असे, मला ऐकू येत नसे. ती पुन्हा म्हणे, "बाबा, कोपर." तिला बोलतं करायला मी मुद्दाम न ऐकल्याचं सोंग करत होतो, असं सांगायला मला आवडेल. खरी गोष्ट अशी की माझा सगळा जीव तोल सांभाळण्यात गुंतलेला असे. शेवटी एक दिवस ती स्टुलावरून उतरली, माझं कोपर धरून आत ओढलं आणि म्हणाली, "कोपर बरगडीला लागलं पाहिजे, किती वेळा सांगू?" आतला मिक्सर बंद झाला. ही दारात येऊन उभी राहिली. तीन फुटांवरून बोललेलं ते वाक्य स्वयंपाकघरात ऐकू गेलं होतं. मी घाईने पुढचा ठोसा मारला, बोललं की जाईल अशी मला भीती वाटली.

पण घरातली गोष्ट घरात. शाळेत बस होती तिथेच होती. एकतीसाचे अडतीस झाले, अडतीसाचे चव्वेचाळीस. कराटेच्या वर्गाला जाताना एकदा पुटू चालता चालता म्हणाली, "बाबा, मी रोज हजर म्हणते. बाई वर बघतच नाहीत."

"माहीत आहे गं."

"मी असते तिथे."

यावर बापाने काही तरी शहाणपणाचं म्हणायचं असतं. मला टेबलापलीकडे उभे राहणारे लोक आठवले, अर्ज परत देताना ज्यांच्याकडे मी कधी वर पाहिलेलं नव्हतं, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली. मी तिचा हात धरला. तिने माझी पट्ट्याची गाठ सैल झाल्याचं दाखवलं.

पट्ट्याची परीक्षा आली तेव्हा शाळेचा आकडा अठ्ठेचाळीस होता. पांढऱ्याचा पिवळा होतो की नाही याची मला पर्वा नव्हती. जागा टिकली तर आज ना उद्या पुटू त्या खिडकीत बोलेल, चटईवर उभी राहील, आरोळी देईल आणि बसच्या वर तिचा आवाज जाईल, एवढंच माझं गणित होतं. त्यासाठी मला फक्त हजर राहायचं होतं. ते तर मी होतोच.

सभागृह भरलं होतं. भूमापक पहिल्या रांगेत, काकू आपल्या शिवणीची कसोटी बघायला, आमची ही मधल्या रांगेत, आणि पालकांच्या बाकावर पुटू. बाहेरून आलेले एक परीक्षक टेबलाशी यादी घेऊन बसले होते, शेजारी वही घेऊन खिडकीतला कारकून. नाव पुकारलं की आरोळीसारखं 'हजर' म्हणायचं. तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर गैरहजर.

एकवीस नावं झाली. एकवीस वेळा 'हजर' भिंतींवर आदळलं. मग माझं नाव आलं.

मी हात वर केला. परीक्षक खाली पाहून लिहीत होते. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मी तोंड उघडलं. समोर तीनशे डोळे, त्यात भूमापकांचे दोन विशेष बारीक. 'हजर'मधला 'ह' निघाला, बाकीचं आतच राहिलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मी सगळा जोर लावला. खोकला आला. परीक्षकांनी मान खाली ठेवूनच पेन उचललं. साडेपाच फुटांचा माणूस पांढऱ्या गणवेशात त्यांच्यापासून आठ पावलांवर उभा होता आणि ते त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिणार होते.

"वर बघा!"

आवाज कुठून आला ते मला आधी कळलं नाही. सगळ्यांच्या माना बाकाकडे वळल्या म्हणून मीही वळलो. पुटू बाकावर उभी होती, मुठी आवळून, कोपरं बरगडीला लावून.

"वर बघा. ते हजर आहेत. केव्हापासून हजर आहेत. मी त्यांची पालक आहे."

परीक्षकांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मला न विचारता माझ्या पोटातून एक 'हजर' निघाला. दात पडलेली मुलगी नंतर म्हणाली की तिने कानांवर हात ठेवले होते. ती खोटं बोलणाऱ्यांपैकी नाही.

कारकून उठून उभा राहिला. वही उघडी धरून त्याने बाकाच्या दिशेने विचारलं, "पालक, आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का?"

पुटूचा श्वास अजून वर-खाली होत होता. तिने एकदा आईकडे पाहिलं. "फॉर्म चुकलाय," ती म्हणाली. शेवटच्या रांगेतल्यांनाही ते ऐकू गेलं. "शिकणारी मी आहे. बाबा पालक आहेत."

कारकुनाने सावकाश लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. पालक समक्ष आले. ऐकू आले. मला ते नीट वाचता आलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. आमच्या हिच्याही होतं, पण ती ते नाकारते.

परीक्षा मी पास झालो, काठावर. मात्र निकाल लागेपर्यंत दुरुस्ती मंजूर झाल्याने पिवळा पट्टा पुटूच्या नावावर निघाला. तिने तो बाईंना परत दिला. "मी परीक्षा दिली नाही. मी पांढऱ्यापासून करणार," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात, पण बाईंना वाकावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी कारकुनाचा चौथ्यांदा आलेला अर्ज कपाटातून काढला आणि त्याला फोन केला. अकराव्या रकान्यात शेजाऱ्याचं नाव नको, शेजाऱ्याच्या नळाचा क्रमांक हवा, हे सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "एवढंच होतं होय?" एवढंच होतं. त्यानंतर टेबलासमोर आलेल्या माणसाकडे मी आधी वर पाहतो. काम जरा हळू होतं. साहेब काही म्हणाले तर त्यांना उत्तर द्यायची माझी तयारी आहे, आवाजासकट.

आता इतकंच राहिलं. त्या फोनच्याच दिवशी संध्याकाळी पुटूने शाळेची डायरी आणून माझ्यापुढे ठेवली. बाईंच्या हातची दोन ओळींची सूचना होती: 'आज हजर. उद्यापासून थोडे हळू सांगितले तरी चालेल, शेजारच्या वर्गातली मुले दचकतात.' खाली पालकाच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. पुटूने माझ्या हातात पेन दिलं आणि मी चुकू नये म्हणून त्या रकान्यावर बोट ठेवून उभी राहिली.